दोनशे सतरा नंबरचा कोट

तीन दिवस झाले, धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. मागच्या अंगणातल्या तारांवर आदल्या दुपारी घातलेले शर्ट सकाळी काढायला जावं, तर घातले होते त्याहून ओले. कडकनं एका बाहीचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं, हात पँटीला पुसला आणि आभाळाला एक शिवी हासडली. तीही दमटच निघाली. मग सगळे शर्ट खांद्यावर टाकून तो आत आला, इस्त्रीच्या टाकीत पाणी भरलं, बटण दाबलं, आणि वाफ धरेपर्यंत टेबलावरचं जाड फडकं उगाच चारी बाजूंनी ताणत बसला.

"आज काही वाळत नाही," तो म्हणाला.

"मग इस्त्रीनं वाळवा," पुढच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. "शाळावाल्यांना गणवेश दहाला हवेत. धुकं आहे म्हणून काय पोरं उघडी जाणार का?"

खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण. पूर्वी तो खळ अशी घालायचा, की शर्ट खुर्चीवर ठेवला तर माणसासारखा ताठ बसायचा. तेव्हापासून गाव त्याला कडक म्हणायला लागलं ते लागलंच. बायको म्हणायची, "नावच तेवढं कडक. माणूस बघाल तर भिजलेला पुठ्ठा."

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढं लाकडी काउंटर आणि त्यामागं खुंट्यांवर टांगलेले कपडे, प्रत्येकाच्या काजात नंबराची कापडी चिठ्ठी अडकवलेली. मागं इस्त्रीचं टेबल, एक कपाट आणि एक मोठी खिडकी. खिडकीसमोर शाळेची पांढरी भिंत होती, त्यामुळं ऊन कधी थेट आत यायचं नाही. भिंतीवर आपटून यायचं, मऊ होऊन. ह्या उजेडानंच कडकला नादाला लावलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी चौकातल्या औषधवाल्यानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याचा जुना कडकनं घेतला, आणि मग दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो खिडकीपाशी काही ना काही मांडून बसायचा. पाण्याचा तांब्या. बायकोचे हात. वाफेत अर्धी बुडालेली इस्त्री. गावातल्या छायाचित्र मंडळात डॉक्टर होते, वकील होते, एक बँकेतला साहेब होता. पण उजेड बघावा तर कडकनं, असं तेही मानायचे.

तीन वर्षं झाली, कॅमेरा कपाटात होता.

औषधवाला मंडळाचा सचिव. खोकल्याचं औषध आणायला गेलं तरी सोडायचा नाही. "काय रे कडक, ह्या महिन्याचा विषय प्रतिबिंब आहे. काढ की काहीतरी. निदान आरशात बघून स्वतःचा काढ, आम्हाला भीती तरी वाटू दे." कडक हसायचा, बाटली घ्यायचा, निघायचा. गेल्या वर्षी एकदा त्यानं खरंच कॅमेरा बाहेर काढला होता. अंगणातल्या नळाचे वीसेक फोटो काढले. नळ नळासारखा आला. भिंतीवर पारवे बसले होते, ते पारव्यांसारखे आले. त्यानं कॅमेरा परत फडक्यात गुंडाळला.

"आप्पा गेल्यापासून ह्यांचं मन लागत नाही," बायको लोकांना सांगायची. लोक हळहळायचे, पाठीवर हात ठेवायचे, चहा पाजायचे. तो हात पाठीवर पडला की कडकला वाटायचं, अंगावर इस्त्री ठेवलीय. कारण आप्पा गेल्याचं दुःख खरं होतं, पण कॅमेरा ठेवला होता तो आप्पा जायच्या चार महिने आधी. हे कुणी मोजलं नव्हतं. बायकोनंसुद्धा.

झालं होतं ते असं.

गणिताच्या बाई दर थंडीच्या तोंडाला एक कोट घेऊन यायच्या. गडद तपकिरी, लोकरीचा, चामड्याची बटणं. त्यांचे यजमान टपाल वाटायचे, कोट त्यांचा. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, वापरणारं कुणी नव्हतं, तरी कोट दरवर्षी यायचा. स्वच्छ करून, वाफ देऊन, थंडीभर दुकानातच टांगून ठेवायचा, कारण बाईंच्या कपाटाला ओल धरायची. पावती घडी करून बाई पर्समध्ये ठेवायच्या. त्या वर्षी नंबर पडला दोनशे सतरा.

एका दुपारी कोट टेबलावर होता, आप्पा खिडकीपाशी स्टुलावर बसले होते, आणि भिंतीवरून असा उजेड येत होता की कडकच्या हातातली इस्त्री तशीच थांबली. आप्पांच्या अंगात विटका शर्ट होता. कोट घातला तर... एवढंच त्याला दिसलं. पुढचं काही दिसलं नाही.

"आप्पा, हा घाला जरा."

आप्पांनीही जन्मभर हेच दुकान चालवलं होतं. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाचा आहे रे तो."

"दोनच मिनिटं."

"गिऱ्हाइकाच्या कपड्यात हात घालायचा तो खिसे तपासायला. तुला काय शिकवलं मी?"

"आप्पा, उजेड जातोय."

पन्नास वर्षांत दुसऱ्याचा रुमाल खांद्यावर न टाकलेल्या म्हाताऱ्यानं पोराच्या हट्टापायी कोट अंगात घातला. चेहरा असा झाला, की कुणी बघितलं तर काय म्हणेल. कडकनं नऊ फोटो काढले. सातवा जमला.

महिन्याभरानं वाचनालयाच्या सभागृहात मंडळाचं प्रदर्शन भरलं, आणि सातव्याला दुसरं बक्षीस मिळालं. बाहेरगावचे परीक्षक फोटोसमोर उभे राहून बराच वेळ बोलले. म्हातार्‍याच्या चेहऱ्यावर आयुष्यभराचा शीण आहे म्हणाले. आणि काजात लटकणारी ती नंबराची चिठ्ठी! माणसाचा शेवटी क्रमांक होतो, हे कलावंतानं किती सूचकपणे दाखवलं आहे! लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडकनं ती चिठ्ठी पाहिलीच नव्हती. दिवसाला शंभर चिठ्ठ्या हाताखालून जाणाऱ्या माणसाला चिठ्ठी दिसत नाही. नाकाचा शेंडा दिसत नाही तशी. आणि शीण म्हणे. शीण कसला, लाज होती ती. आप्पांची. त्यानंच आणलेली.

टाळ्या थांबल्या तेव्हा त्याला बाई दिसल्या. फोटोपासून हातभर अंतरावर, एकट्या, पर्स छातीशी धरून. कडक सरळ चहाच्या रांगेत घुसला आणि औषधवाल्याच्या पाठीआड उभा राहिला. वळून बघितलं तेव्हा बाई गेल्या होत्या. दोन दिवसांनी त्या दुकानात आल्या, थंडी संपायच्या आत कोट घेतला आणि एक अक्षर न बोलता गेल्या. पुढच्या थंडीला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मग उन्हाळ्यात आप्पा गेले. भिंतीला लावायला फोटो हवा म्हणून पाहुण्यांनी विचारलं, "तो बक्षिसाचा आहे ना?" कडक म्हणाला, "तो नको." त्यानं ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात आप्पा पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसत होते. तोच अजून भिंतीवर होता. बापाचा एकुलता एक चांगला फोटो, काढला पोरानंच, आणि तो चौकटीसकट कपाटावर पेपरात गुंडाळलेला.

गणवेश गेले. साडेदहा वाजले असतील. कडक पँटीला धार काढत होता, तेवढ्यात पुढून बायकोचा आवाज एकदम वर चढला.

"बाई! अगंबाई, किती दिवसांनी! या, या. काठी कधी घेतलीत?"

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन वर्षं मुलीकडं होते. तू जाड झालीस."

"बाई, शाळेत असताना पण हेच म्हणायचात."

"तेव्हा नव्हतीस. आता झालीस."

कडकनं इस्त्री उभी केली. खुंट्यांवरच्या कपड्यांच्या फटीतून त्यानं पाहिलं. बाई काउंटरशी उभ्या होत्या आणि पिशवीतून तपकिरी बाही बाहेर लोंबत होती.

"हा कोट," बाई म्हणाल्या. "नीट करून द्या. ह्यानंतर आणणार नाही. मुलीच्या घराशेजारी एक राखणदार आहे, रात्रपाळीचा, त्याला देऊन टाकते. जावयाला होत नाही. नुसता टांगून ठेवून काय करायचं?"

"खरंय," बायको म्हणाली आणि पावतीपुस्तक ओढलं.

बाई फोटोचं काही बोलल्या नाहीत. तोंडावर रागही दिसत नव्हता. कडकच्या मनात आलं, बघितलाच नसेल त्यांनी नीट. मुलीकडं गेल्या म्हणून यायच्या थांबल्या. आपणच तीन वर्षं उगाच जीव जाळला. आता कोट जाईल कुठल्या कुठं, प्रश्न मिटला. आणि हे मनात आल्याबरोबर त्याला स्वतःची अशी काही किळस आली, की पाय आपोआप पुढं निघाले.

"बाई," तो कपडे बाजूला सारत म्हणाला. "वाचनालयात आप्पांचा फोटो होता बघा. त्यांच्या अंगात कोट होता. तो हा होता."

बायकोचं पेन थांबलं. "तो औषधवाल्याचा म्हणाला होतात तुम्ही."

"खोटं बोललो."

बाईंनी स्टूल ओढलं, काठी गुडघ्यांत धरली आणि बसल्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा वाटलं, कोटासारखा कोट असतो. मग चिठ्ठी दिसली. दोनशे सतरा. पर्समधून पावती काढली. दोनशे सतरा. चष्मा पुसून परत पडताळा घेतला. उत्तर तेच." मग आवाज बदलला. आत्तापर्यंतचं 'तुम्ही' कुठं गेलं कुणास ठाऊक. "मला विचारलं का नाहीस?"

ह्या प्रश्नाची उत्तरं कडकनं तीन वर्षं घोटून ठेवली होती. उजेड जात होता. सहज सुचलं. दोन मिनिटांचं काम होतं. त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना.

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

"मी नाहीच म्हटलं असतं."

"हो."

"मग फोटो झाला नसता."

"नसता झाला."

"आणि तो तुला हवा होता."

"हो, बाई."

बायको एकदा ह्याच्याकडं, एकदा बाईंच्याकडं बघत होती, वर्गात दुसऱ्याला उभं केल्यावर बघतात तशी.

"कॉपी करताना पकडलं की सगळी पोरं म्हणायची, बाई, चुकून नजर गेली," बाई म्हणाल्या. "तू निदान ते म्हणत नाहीस. त्याचे मार्क मिळणार नाहीत. मी त्या दिवशी घरी गेले आणि दोन दिवस जेवले नाही. रागानं. सहा वर्षं मी तो कोट कुणाला हात लावू दिला नव्हता, मुलीलासुद्धा. तुझ्याकडं देत होते, कारण तुझे वडील म्हणाले होते, बाई, माझ्या दुकानात कपडा म्हणजे ठेव."

कडकची मान खाली गेली. आप्पांचा हा शब्द त्याला ठाऊक नव्हता.

"दुसऱ्या दुकानातही एकदा टाकून बघितला," बाई पुढं म्हणाल्या. "मेल्यानं ओलं फडकं न टाकता इस्त्री फिरवली. पाठ बघ कशी चकाकतेय. बुटासारखी." मग बायकोकडं वळून, "तो फोटो आहे का घरात?"

बायको आत गेली, स्टुलावर चढली आणि कपाटावरून पुडकं घेऊन आली. पेपरावरची धूळ तिनं कडकच्याच शर्टाला पुसली. बाईंनी फोटो मांडीवर धरला. खिडकीकडं जरा कलता केला.

"डावा खांदा उतरलाय," त्या म्हणाल्या.

"आप्पांचा," कडक म्हणाला. "पन्नास वर्षं इस्त्री ओढून. मी प्रदर्शनातही सगळ्यांना तेच सांगितलं होतं."

"इस्त्री कुठल्या हातात धरायचे?"

"उजव्या."

"मग उतरला असता तर कुठला उतरला असता?"

कडकचा उजवा हात आपोआप उचलला गेला, इस्त्री धरल्यासारखा, आणि तसाच राहिला.

"तीस वर्षं टपालाची पिशवी," बाई म्हणाल्या. "डाव्या खांद्यावर. थंडीत ह्या कोटावरूनच पट्टा टाकायचे. किती सांगितलं, बाजू बदला, बाजू बदला. ऐकलं कधी? कोटच तसा होऊन बसलाय. तुझे वडील सरळ होते. हे ह्यांचं आहे."

त्यांनी बोट फोटोवर ठेवलं नाही. काचेच्या जरा वर धरलं.

कडकनं काउंटरवरचा कोट उचलला. दर थंडीला हा खांदा त्याला छळायचा. उशी घालून वाफ द्यावी, हातानं थोपटावं, सकाळी बघावं तर पुन्हा उतरलेला. आतलं भरणच बसलं होतं. तो त्याला खोड म्हणायचा. त्यानं कोट दोन्ही हातांनी वर धरला, खिडकीकडून येणाऱ्या उजेडात, आणि पहिल्यांदा त्याला त्यात उभा असलेला माणूस दिसला; उंचीला बेताचा, एका बाजूला कललेला, कुठल्या तरी दाराशी थांबलेला. त्याच्या तर्जनीत एक शिरशिरी आली. ती शिरशिरी त्याच्या ओळखीची होती. नळाच्या वेळी आली नव्हती, पारव्यांच्या वेळी आली नव्हती. आणि तिच्या पाठोपाठ लाज आली, कारण मागच्या वेळीही हे असंच सुरू झालं होतं, ह्याच कोटापाशी.

"बाई," तो म्हणाला. "इस्त्री करायच्या आधी ह्याचा एक फोटो काढू का? नुसत्या कोटाचा. खिडकीशी धरून."

बायकोनं डोळे मोठे केले. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, कोटाकडं पाहिलं, मांडीवरच्या फोटोकडं पाहिलं. घाई केली नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.

"बरं."

"का, ते विचारणार नाहीस?"

"नाही."

बाईंनी मान हलवली, उत्तर बरोबर आहे की चूक ते कळू न देता. "खांदा सरळ करा. हवं तर आतलं भरण नवं घाला. ज्याला द्यायचा त्याच्या अंगावर ह्यांचं ओझं कशाला? शुक्रवारी नेईन." 'तुम्ही' परत आलं होतं.

"आणि हा फोटो?" बायकोनं विचारलं.

"त्याचं मला अजून ठरवता येत नाही. शुक्रवारी सांगते. तोवर होता तिथंच असू दे." बाई काठी टेकत उठल्या. पायरीवर काठी चाचपली आणि धुक्यात उतरल्या.

बायकोनं फोटो पेपरात गुंडाळला. दोरी बांधताना गाठ जरा जास्तच जोरात ओढली.

"तीन वर्षं मी गावाला सांगत फिरले, की बापाच्या दुःखानं ह्यांनी कॅमेरा सोडला."

"दुःखही होतंच गं."

"होतं ना. पण त्या दुःखावर किती कप चहा प्यायलात लोकांचा, तो कसा परत करणार?" तिच्या तोंडावर हसू नव्हतं. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला सांगायचं होतंत."

"तू आप्पांना सांगितलं असतंस."

"आप्पांना काय सांगायचं? त्यांनीच तर घातला होता." पुडकं तिनं काखेत मारलं. "म्हणून ते प्रदर्शनाला आले नाहीत होय? पाय दुखतोय म्हणाले होते."

कडक कोट घेऊन खुंट्यांकडं वळला. ती आत जाऊन पुडकं कपाटावर ठेवून आली.

तो कोट घेऊन खुंट्यांपाशी उभा होता. आज तिथं त्याला शर्ट-पँटी दिसेनात. एका सदऱ्याची कोपरं बाहेर आली होती, कुणीतरी दिवसभर टेबलावर रेलून बसत होतं. एका पँटीचा एकच गुडघा फुगला होता. एका जाकिटाचा उजवा खिसा हातानं ओढून ओढून तोंड वासल्यासारखा झाला होता. वीस वर्षं आपण वाफ देऊन माणसं कपड्यांतून पुसून टाकतोय, आणि लोक त्यालाच छान इस्त्री म्हणतायत. ह्या सगळ्याचे फोटो काढावेत, धुण्याआधी, जसं येतं तसं. बोट पुन्हा शिरशिरलं. पण एकूण एक कपडा दुसऱ्याचा होता. ज्याचा त्याला विचारायला लागणार होतं, तोंडावर, काउंटरवर, आणि नाही ऐकायला लागणार होतं.

"निम्मे लोक वेडा म्हणतील," सगळं ऐकून घेतल्यावर बायको म्हणाली. "उरलेले नाही म्हणतील."

"म्हणू देत."

"आणि बाई शुक्रवारी म्हणाल्या, तो फोटो फाडून टाका, तर?"

ह्याचा त्यानं विचार केला नव्हता. आता केला. आप्पांचा दुसरा धड फोटो नव्हता; कॅमेऱ्यातले नऊही त्यानं तेव्हाच पुसून टाकले होते. टपालवाल्यांचा खांदा सरळ झाल्यावर तोही दुसरीकडं कुठं राहणार नव्हता.

"फाडीन," तो म्हणाला.

बायकोनं खांदे उडवले. "माझ्या अंगातला स्वेटर बघा. बाह्या कशा झाल्यात. घासून, वर सारून, घासून, वर सारून."

"काढू?"

"मला विचारताय?"

"विचारतोय."

"आधी वसतिगृहाचे अभ्रे. चाळीस आहेत. मग सांगते. आणि नाही म्हणाले तर तोंड पाडायचं नाही."

कडकनं कोट शुक्रवारच्या खुंटीला अडकवला, खांदा होता तसा. कपाटातून कॅमेरा काढला. बॅटरी अर्थातच मेली होती. मागच्या खोलीत प्लग एकच, त्यात इस्त्री; म्हणून चार्जर पुढं काउंटरखाली नेऊन लावला. बारीक लाल दिवा लागला की नाही ते वाकून बघितलं. मग आत येऊन टाकीतलं पाणी पाहिलं, गाठोडं सोडलं, पहिला अभ्रा टेबलावर पसरला आणि कोपरे तळहातानं सपाट करायला लागला.